पापांचा होकार

"पापा, नीट ऐका," खुर्ची पलंगाजवळ ओढत ओस्वाल्दो म्हणाला. "माझ्याबरोबर पुंता अरेनासला, माझ्या घरी येता का? कायमचे. घाई नाही, पण तुम्हीच सांगायचं."

म्हातारे हुवेनाल लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते. झटका येऊन सात महिने झाले होते. वाचा गेली, अंग गेलं. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तेवढं अजून त्यांचं ऐकत होतं. त्या बोटाखाली एदितानं, त्यांच्या मुलीनं, एक पातळ बटण चिकटवलं होतं. बटणाची वायर पत्त्याएवढ्या एका छोट्या कॉम्प्युटरला जात होती आणि तो लॅपटॉपला जोडलेला होता. लॅपटॉपला वाटायचं, साधा माऊसच लावलाय. पडद्यावर दोन मोठे चौकोन होते, 'हो' आणि 'नाही'. बाण एकावर यायचा, तीन सेकंद थांबायचा, मग दुसऱ्यावर जायचा. पाहिजे तिथं तो आला की बोट दाबायचं.

"चालतं ना हे? का मास्तरीण म्हणून गंडवतेयस आम्हाला?" ओस्वाल्दोनं मागे उभ्या असलेल्या बहिणीला विचारलं.

"सकाळीच त्यांनी मला रेडिओवरचा पाद्री बंद करायला लावला."

"म्हणजे डोकं शाबूत आहे!" ओस्वाल्दो मोठ्यानं हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ एदी, तिकडं खोली तयार आहे. माझी बायको, मार्ता, तर नर्सच आहे. पण त्यांच्या मनाविरुद्ध मी त्यांना या बेटावरून हलवणार नाही. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही या माणसानं. नाही म्हणाले तर नाही. विषय संपला."

सात महिन्यांत एदिता सलग चार तास झोपली नव्हती. परत येणार, की तुमच्या जागी दुसरं कुणी बघू, असं शाळेतून दोनदा विचारून झालं होतं. आणि गेल्या आठवड्यात पापांना कुशीवर वळवताना तिच्या मनात जे येऊन गेलं, ते ती कुणाला सांगू शकणार नव्हती.

बाण फिरत होता. हो. नाही. हो. बोट हलत नव्हतं.

पापांची नजर पडद्यावरून खिडकीकडे गेली. बाहेर किनाऱ्यावर त्यांनी अर्धवट बांधलेली लाँच टेकूंवर उभी होती. नुसत्या फासळ्या. एदितानं ती नजर बघितली, आणि उत्तर काय येणार ते तिला कळलं.

तिचा हात स्वेटरच्या खिशात गेला. यंत्र तपासताना दर वेळी पापांच्या बोटाला त्रास नको म्हणून तिनं एक सोय करून ठेवली होती. फोनचा आवाज वाढवायचं बटण दाबलं, की तो छोटा कॉम्प्युटर अगदी तस्संच क्लिक पाठवायचा. बोट कुणाचं, हे लॅपटॉपला कळायला काही मार्ग नव्हता.

बाण 'हो'वर आला. तिनं दाबलं.

चौकोन हिरवा झाला.

"पापा!" ओस्वाल्दोनं उठून म्हाताऱ्याचं डोकं छातीशी धरलं. एवढा बाप्या माणूस, पण रडायलाच लागला. "मला वाटलं होतं, तुम्ही मला हाकलून द्याल."

एदिता चुलीकडे वळली. चूल भरलेली होती, तरी तिनं आणखी एक ओंडका आत सारला. वळून बघितलं तेव्हा पापा तिच्याकडे बघत होते. तिच्याकडे नव्हे, तिच्या खिशाकडे.

"ओस्वाल्दो, थांब." ती म्हणाली. "परत विचार."

"आता परत कशाला?"

"यंत्र आहे. चुकून लागलं असेल. एकदा परत विचार ना."

तिनं फोन काढला आणि टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला पालथा ठेवला. दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

ओस्वाल्दोनं डोळे पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, शब्दन् शब्द.

बाण फिरू लागला. या वेळी पापांनी खिडकीकडे बघितलं नाही. ते एदिताकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे, हातांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. मग पडद्याकडे. दोन फेऱ्या त्यांनी तशाच जाऊ दिल्या. तिसऱ्या फेरीला बोट थरथरलं, थांबलं आणि खाली गेलं.

हो.

"घे! दोनदा सांगितलं म्हाताऱ्यानं. यंत्र कुठं चुकतंय? तूच चुकतेयस." ओस्वाल्दो मार्ताला फोन करायला बाहेर धावला.

एदिता पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "पापा, पहिला 'हो' मी दाबला होता."

पापांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. हलण्यासारखं उरलंही नव्हतं.

"मी जाऊन सांगते त्याला. आत्ताच सांगते."

ती उठायला लागली. बाण 'नाही'वर आला आणि पापांनी बोट दाबलं.

"नाही काय? सांगायलाच पाहिजे."

बाण फिरून आला. पुन्हा 'नाही'.

"आता कशाला नाही म्हणतायत?" ओस्वाल्दो दारात उभा होता. फोन अजून कानाला, चेहरा खुललेला.

एदितानं पापांकडे बघितलं. मग म्हणाली, "सूप देऊ का विचारलं."

"नको म्हणाले? मग त्यांचं मला दे. सकाळपासून पोटात काही नाही."

तिनं पापांची वाटी घेतली, पातेल्यातलं बटाट्याचं सूप तिच्यात ओतलं आणि ओस्वाल्दोपुढे ठेवली. तो भुरके मारत जेवला. पापा त्याच्याकडे बघत पडून होते. बाण फिरत होता, पण बटणावरचं बोट त्यांनी हलवलं नाही.