सावडीतला रशिया

"रशिया मोडला!"

रेडिओवरची बातमी संपायच्या आत बिरूनं आरोळी ठोकली आणि शकुबाईच्या हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना भजी सांगितली. मॉस्कोत लाल झेंडा उतरला होता, एका देशाचे पंधरा देश झाले होते, आणि कळंबातल्या वीस वर्षांच्या भांडणाचा निकाल बिरूच्या बाजूनं लागला होता. समोरच्या बाकावरच्या हिंदुरावांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि ते उठून गेले. भज्यांना त्यांनी हातही लावला नाही.

भांडण तसं तत्त्वाचं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात बिरूची मेंढरं गेली, पण सरकारनं वाटलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन माणसं जगली. तेव्हापासून तो अमेरिकेचा. हिंदुरावांच्या घरी रशियाचं गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालून जेवढं उरेल तेवढं ते वाचत. त्यातले ट्रॅक्टर बघून ते रशियाचे झाले. दोघांपैकी कुणीच पुण्याच्या पुढं गेलेलं नव्हतं, त्यामुळं मत बदलायचा प्रश्नच नव्हता.

"तुमच्या रशियात पावासाठी रांगा लागत्यात," बिरू डिवचायचा.

"लागू द्यात की! रांगंत समदी सारखी हुबी असत्यात," हिंदुराव गरजायचे. "तुझी मिलो तिकडं डुकरं खात्यात, ठावं हाय का?"

मग अर्धं हॉटेल एकीकडं, अर्धं दुसरीकडं, आणि शकुबाई न सांगता चहाचं आधण वाढवायची.

गंमत अशी की दोघांकडं एकेकच बैल होता. म्हणून त्यांची सावड. दोन्ही बैल एका जुवाला जुंपायचे, एक दिवस ह्याच्या रानात, एक दिवस त्याच्या रानात. गावानं हिंदुरावांच्या तांबड्याचं नाव ठेवलं रशिया आणि बिरूच्या पांढऱ्याचं अमेरिका. बाहेरच्या जगात ज्यांचं एकमेकांकडं बघणंही होत नव्हतं, ते कळंबात एका गव्हाणीत तोंड घालून कडबा खात होते.

हे बिरूला आठवलं तेव्हा त्यानं हातातलं भजं बशीत परत ठेवलं. उद्या त्याच्याच रानाची पाळी होती. पाटाला पाणी सुटायच्या आत उसाच्या सऱ्या पाडायच्या होत्या, आणि एका बैलानं सरी पडत नाही. घरी आल्यावर त्यानं बायकोला, सारजाला सगळं सांगितलं.

"जितलासा न्हवं?" सारजा म्हणाली. "मंग जुपा आता अमेरिकेला एकटीलाच."

पण दुसऱ्या दिवशी बिरू रानात पोचला तर हिंदुराव आधीच बैल घेऊन उभे. बिरूचा जीव भांड्यात पडला. बैल जुंपले, पहिली सरी पडली, आणि त्यानं नेहमीप्रमाणं खोडी काढली.

"काय हिंदुराव, शेवटी अमेरिकाच खरी!"

"व्हय."

बिरू थबकला. "तुमचं ते मासिक समदं खोटं निघालं."

"असंल."

"मिलो ग्वाड लागती."

"व्हय."

मिलो गोड लागते हे खुद्द बिरूलाही कधी पटलं नव्हतं. काम मात्र झपाट्यानं चाललं. एरवी प्रत्येक बांधाला बैल थांबवून निम्मा दिवस क्षेपणास्त्रांवर जायचा. आज दुपारच्या आत निम्मं रान उरकलं, सऱ्या ओळंब्यात सरळ पडल्या, आणि असा वाईट दिवस बिरूनं जन्मात काढला नव्हता.

हिंदुरावांच्या कारभारीण, कुशाबाई, भाकरी घेऊन आल्या. त्यांनी पाटी उतरवली आणि बिरूलाच बाजूला घेतलं.

"भाऊजी, काय केलं ह्यास्नी? राती म्हणलं, आमटी खारट झालीया का? म्हणत्यात, व्हय. म्हणलं, अळणी झालीया का? तरी म्हणत्यात, व्हय. असल्या माणसाबरं संसार कसा करायचा?"

बिरूनं बघितलं. हिंदुराव लांब बाभळीखाली पाटाकडं तोंड करून बसले होते. भाकरी हातात तशीच होती. गेल्या वीस वर्षांत ह्या माणसानं त्याचं एकही वाक्य सुखानं पुरं होऊ दिलं नव्हतं, आणि आता बिरूला त्याच्याशिवाय बोलताच येत नव्हतं. एवढी मोठी लढाई जिंकलेल्या बिरूला रडू यायला लागलं.

तो आपली भाकरी घेऊन गेला आणि हिंदुरावांच्या समोर बसला.

"हिंदुराव, आजपासनं रशिया मी घेतो. तुमी अमेरिका घ्या."

हिंदुरावांनी वर बघितलं. "मोडका रशिया? काय करनार हाईस त्याचं?"

"बघतो की माझं मी. तुमी घेताय का न्हाय अमेरिका?"

हिंदुरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. तो बराच वेळ चावला. मग टोपी सरळ केली, आणि काल सकाळपासून बसलेला त्यांचा आवाज पाटापलीकडच्या रानात ऐकू जाईल इतका चढला.

"मंग मला सांग बिरू, तुमच्या रशियात पावासाठी रांगा का लागत्यात रं?"

बिरूनं भाकरी खाली ठेवली, डोळे पुसले आणि मांडीवर थाप मारून तो गरजला, "लागू द्यात की! रांगंत समदी सारखी हुबी असत्यात!"