पुढच्या चाकांचं काम

"आज ऱ्हाऊ दे की रं तसंच," बनुबाई लेकाला म्हणाली. "उद्या अमोशा. चाक लागलं न्हाई तर दोन दिस तरी ती हलत न्हाई."

वीरधवलनं आईकडं बघितलं नाही. गाडी अंगणात जॅकवर उभी होती, मागच्या चाकांना दगड लावलेले, पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. मागच्या सीटवर त्याच्या बायकोच्या, संयोगिताच्या, दोन बॅगा आणि तिचं शिलाई मशीन होतं. चार दिवस माहेरी निघालेली बाई शिलाई मशीन नेत नाही, एवढं कुणालाही कळतं. ती सांगलीला कायमची निघाली होती.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. चार भांडी आपटली असती, शेजारपाजार गोळा झाला असता, कुणीतरी मध्ये पडलं असतं. इथं तेही नव्हतं. तो सुट्टीवर आल्यापासून ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’ एवढंच घरात ऐकू येत होतं. काल ती म्हणाली, मी सांगलीला जाते, परत यायची नाही. तर हा म्हणाला, ब्रेक लय वाजत्यात, पॅड बदलून देतो. घ्या! आता काय बोलायचं या माणसाला?

फौजेत तो गाड्या चालवतो आणि बिघडल्या तर खोलतोही. हात आपोआप चालत होते. बोल्ट सुटले, पॅड धरणारा कॅलिपर वर उचलून तारेनं बांधला, जुने पॅड बाहेर आले. घासून पार पापड झालेले. ती जायला नको होती त्याला. हे त्याला स्वच्छ कळत होतं. पण जिथं दुखायला पाहिजे तिथं काही लागतच नव्हतं, दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गालाचं होतं तसं.

संयोगिता ओसरीवर येऊन उभी राहिली.

"किती वेळ लागेल अजून?"

"ही बाजू झालीच. दुसरी ऱ्हायली."

"नाही झालं तर नाही झालं," ती म्हणाली. "अमावास्या झाली की निघेन. मला काही घाई नाही."

एवढं बोलून ती आत गेली नाही, तिथंच थांबली. बनुबाईनं लेकाकडं असं बघितलं, की अंगणातल्या तुळशीलाही समजलं असतं.

"न्हाई न्हाई, हुतंय की," वीरधवल म्हणाला. "दिस मावळायच्या आत पोचशील."

संयोगिता आत गेली. बनुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

उजव्या बाजूचंही झालं. चाकं लागली, जॅक निघाला. त्यानं हाक मारली, "आत बस अन् ब्रेक दाब जरा."

ती येऊन बसली. "हा तर पार खाली जातोय."

"पयल्यांदा जातुय. पिस्टन मागं सारलाय न्हवं. दाबत ऱ्हा."

ती दाबत राहिली. तो चाकापाशी उकिडवा बसून होता. पाय ब्रेकवर ठेवूनच, समोरच्या काचेतून बघत ती म्हणाली, "सातव्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा मी दवाखान्यातून फोन केला होता. तुम्ही म्हणालात, ड्युटीवर हाय, मागनं बोलतो."

आवाजात राग नव्हता. दूध नासलं हे सांगावं तसं तिनं सांगितलं. "मी अजून वाट बघतेय."

सांगण्यासारखं त्याच्याकडं होतं. फोन ठेवल्यावर ट्रकच्या केबिनमध्ये शिरून तो कसा बसून राहिला, कुणी दार वाजवलं तरी कसं उघडलं नाही, हे त्यानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. ते अगदी ओठापर्यंत आलं.

"आता कडक लागतुय का पायाला?" त्यानं विचारलं.

"लागतोय," ती म्हणाली.

बनुबाईनं सुनेला कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. सासरहून निघालेल्या सुनेची भरतात, म्हणून भरली. कायमच्या निघालेलीची भरतात का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मग लेकाच्या कानाशी येऊन ती दबक्या आवाजात चिडली, "येवढं नीट कशाला केलंस रं? येकांदा बोल्ट हरवायचा हुता की!"

"माझ्या हातनं बोल्ट हरवत न्हाई, आये."

संयोगितानं गाडी चालू केली. वीरधवल खिडकीशी वाकला. बनुबाईनं पुढं होऊन कान दिला.

"विट्यापतुर जोरात ब्रेक मारू नगंस," तो म्हणाला. "बसायला जरा येळ लागतुय त्यास्नी."

तिनं मान हलवली. गाडी फाटकातून बाहेर पडली, गल्ली संपली, पाण्याच्या टाकीपाशी वळणावर पोचली आणि थांबली. पुढं बैलगाडी नव्हती, शेळ्या नव्हत्या, रस्ता मोकळा होता. मागचे लाल दिवे लागलेले होते आणि ते तसेच राहिले.

बनुबाईनं लेकाचं मनगट धरलं. "आरं, थांबलीया ती! जा की!"

वीरधवल काळे झालेले हात फडक्याला पुसत बघत राहिला.

"थांबणारच," तो म्हणाला. "पॅड नवं हायत."