आमच्या गल्लीचा बाक

अनुदानातून घेतलेला बाक तपासायला साहेब येणार म्हणून आमची अख्खी गल्ली नटूनथटून उभी होती. साहेबांनी बाकाचे पाय ठोकून पाहिले आणि डोळे बारीक करून विचारलं, “हा इथेच असतो ना?” “म्हणजे काय! आमची म्हातारी माणसं दिवसभर इथेच टेकतात,” अध्यक्ष काकू ठसक्यात म्हणाल्या. “मागच्या गल्लीनंही बाकासाठीच अनुदान घेतलंय. सकाळी तोही बघून आलो. अगदी असाच, हिरवा.” “एकाच सुताराकडचे आहेत ना,” काकू म्हणाल्या. मी गुपचूप खांदे चोळत होतो. मागच्या गल्लीतून ते धूड आम्हीच तासाभरापूर्वी उचलून आणलं होतं. साहेब बसायला सरसावले तशा काकू ओरडल्या, “अहो, बसू नका, रंग ओला आहे!” “माहीत आहे,” म्हणत साहेबांनी आमच्याकडे पाठ केली. त्यांच्या पँटवर हिरवे पट्टे होते, आणि बाकावर नेमके तेवढेच पुसलेले.