फुलीचा माल

"हे इंजिन नाही, बाई. लोखंडाचं मढं आहे," असं म्हणत थोरल्यानं उघड्या इंजिनावर खडूनं भलीमोठी फुली मारली.

ट्रकपाशी उभ्या असलेल्या बाईनं काही बोलायला तोंड उघडलं. थोरल्यानं हात वर केला. "आधी ऐका. मग बोला."

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे आठ दिवस घरी बसलेला थोरला आज पहिल्यांदाच आवारात आला होता. धंदा दोघा भावांचा. जुने ट्रक विकत घ्यायचे, सुटे करायचे, चालणारे भाग विकायचे आणि उरलेलं लोखंड भट्टीला घालायचं. धाकटा नुसता नावाला भागीदार. बावीस वर्षांत थोरल्यानं त्याला एकदाही एकट्यानं ट्रक घेऊ दिला नव्हता. 'त्याला चाक आणि भाकरी यांतला फरक खाल्ल्याशिवाय कळत नाही,' असं तो चारचौघांत सांगे, आणि धाकटा खाली मान घालून हसे.

फाटकातून आत शिरताच थोरल्याला कडेला हा अनोळखी ट्रक दिसला आणि त्याच्याजवळ ही बाई. विटके कपडे, नखांत काळं, खांद्यावर जड पिशवी. बाहेर एक रिकामा टेम्पो उभा. थोरल्यानं काळ्या चष्म्याआडूनच सगळं ताडलं. नवरा गेलेला. ट्रक घरात खायला उठलेला. पिशवीत कागद, परत जायला टेम्पो. असली माणसं त्यानं पोत्यानं पाहिली होती. ती ट्रकवर हात फिरवतात, नाक ओढतात आणि मग गंजक्या पत्र्याला सोन्याचा भाव मागतात. त्यांची त्याला कीव येत नसे, शिसारी येई.

त्यांच्यावर त्याचं औषध ठरलेलं होतं. विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत एकेका भागावर फुली मारत जायचं. चौथ्या फुलीला माणूस खचतो आणि मिळेल तो भाव घेतो. तो फाटकाबाहेर पडला, की फुल्यांवर रॉकेलचा बोळा फिरे आणि तिथे गोल उमटे. गोल म्हणजे चालू माल, चढा भाव. फुली म्हणजे भंगार, घेताना-विकताना किलोवर. वजनकाट्याच्या डोक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: 'फुलीचा माल किलोवर. बोललेला भाव फिरणार नाही.' त्या पाटीवर त्याची बाजारात पत होती.

"गिअरबॉक्स बघा," थोरला वाकला. "याच्यापेक्षा जास्त दात माझ्या आज्याच्या तोंडात होते, आणि तो नव्वदीत गेला." फुली. काट्यापाशी माल मोजून घेणारी दोन नेहमीची गिऱ्हाइकं हसली. थोरल्याला चेव चढला. "हा मागचा आस. वाकलाय." फुली. आस सरळ होता.

"अहो, पण मी—"

"तुम्हाला काय कळतंय यातलं? डोळा नवा करून आलोय मी. लोखंडाच्या पोटातलं दिसतं मला."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं, फुल्यांकडे पाहिलं, मग वर पाटीकडे पाहिलं आणि ती सावकाश वाचली.

"म्हणजे इंजिनसुद्धा किलोवरच?" तिनं विचारलं.

"किलोवरच! बाजार पालथा घाला. याला कुणी एक पैसा जास्त दिला, तर मिशी उतरवून तुमच्या हातात देईन. हे असलं धूड पैसे मोजून घेणारा माणूस म्हणजे…"

"मला तसा साधा वाटला तो."

"साधा? माठ म्हणा, माठ! असल्याला घरच्यांनी दावणीला बांधून ठेवावं." काट्यापाशी पुन्हा हशा झाला.

तेवढ्यात धाकटा फाटकातून आत आला. हातात चहाची किटली होती, आणि थोरल्याला बघताच त्याचा चेहरा उजळला.

"दादा, आलास? पाहिलास का माझा ट्रक? परवा घेतला, मी एकट्यानं. वर्षापूर्वीच नवं इंजिन बसवलंय त्यात. माझी सगळी पुंजी ओतली, पण एकट्या इंजिनात वसूल होईल बघ." मग तो बाईकडे वळला. "आलात होय तुम्ही? दादा, यांचा ट्रक इंजिनाअभावी महिनाभर दारात उभा आहे. आज खोलून नेणार आहेत. किमतीचं काय ते तू ठरव म्हटलं, तुझा शब्द मोठा."

आणि मग त्याला फुल्या दिसल्या. किटली त्याच्या हातात तशीच राहिली.

थोरल्याचा हात आपसूक रॉकेलच्या बोळ्याकडे गेला.

"शेठ," काट्यापाशी उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं. आता ते हसत नव्हतं. "पाटी तुमच्याच हातची आहे."

बोळा थोरल्याच्या मुठीत पिळवटला गेला. हातातून रॉकेल ठिबकत राहिलं. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्याची मान बावीस वर्षांत पहिल्यांदाच खाली नव्हती.

"मी दोनदा सांगायला गेले होते," बाई धाकट्याला म्हणाली. तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, आतून पाना काढला आणि फुली पुसली जाणार नाही अशा बेतानं इंजिनाचा पहिला बोल्ट सैल केला.