कंदिलांचा रनर

सूरजनं टेबलावर घालायचा रनर दोन्ही हातांनी फाडायला घेतला, पण तो फाटेना. वर खणाचं कापड, मध्ये फायबरचा जाड थर, खाली अस्तर आणि तिन्हींतून दाट धावदोरा. शेवटी वैतागून त्यानं तो मंदाकिनीबाईंच्या तोंडावर फेकला.

"कुठंय ती?"

"मला काय माहीत," असं म्हणून मंदाकिनीबाईंनी रनरची घडी घातली.

तो बेल न वाजवता आला होता. किल्लीनं दार उघडून चपला कोपऱ्यात भिरकावल्या, फ्रिजमधली बाटली काढून थेट तोंडाला लावली. ग्लास घे, हे शंभरदा सांगून झालं होतं.

दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. पणत्यांच्या नक्षीचे टेबलमॅट, कंदिलांचे रनर, ठाण्याच्या टॉवरमधल्या एका बाईंनी आत्ताच सांगून ठेवलेला नाताळच्या झाडांचा सेट. जमिनीवर अंथरली की गोधडी आणि जेवणाच्या टेबलावर अंथरली की क्विल्ट, असं मंदाकिनीबाई हसून म्हणायच्या. त्यांनी मशीनवर जोडायचं आणि संचितानं शेजारी बसून हातटाके घालायचे, अशी दोघींची वाटणी होती. गणपतीत सूरजनं तिचा हात मोडला. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ती कल्याणच्या त्याच्या घरातून नेसत्या कपड्यांनिशी निघाली. "सापडली की मान मोडतो," असं तो उघड बोलून दाखवत होता. तो नुसतं बोलत नाही, हे मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं.

"लाडकी तुझी ती. तुला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही."

"मग तहानलेली असेल बिचारी."

थप्पड अशी बसली की कानात मशीन सुरू झाल्यासारखं वाटलं. भिंतीवरच्या फोटोतून त्यांचे यजमान, अण्णा, शांतपणे बघत होते. हयात असताना अण्णांनीही कधी हात आखडता घेतला नव्हता.

"सूरज, शेजारी ऐकतायत."

"ऐकू देत की! तिकीट नाहीये."

त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागली. ती उडाली की पुढे काय होतं, हे मंदाकिनीबाईंना पाठ होतं. त्यानं त्यांचं डावं मनगट धरलं, हात मशीनच्या सुईखाली दाबला आणि पायानं पेडल दाबलं.

सुई तर्जनीतून आरपार गेली. इतक्या वर्षांच्या शिवणकामात सुई बोटात जाणं त्यांना नवीन नव्हतं. कुणी मुद्दाम घालणं नवीन होतं. त्यांनी ओठ मिटून दुसऱ्या हातानं चाक उलटं फिरवलं, सुई वर घेतली आणि बोटाला चिंधी गुंडाळली.

"बोल."

"नाही माहीत."

त्यानं कपाट उपसलं, गादी उलटी केली, नाताळच्या झाडांवर पाय देत बाल्कनीपर्यंत गेला. तिथं दोरीखाली सकाळीच आलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यानं ती ओतली. कंदिलांचा रनर बाहेर पडला. तो हातात घेऊन सूरज थबकला. मग त्यानं तो नाकाशी नेला.

मंदाकिनीबाई तो काढून घ्यायला पुढे झाल्या.

गल्लीत मासळी विकायला येणाऱ्या आवडाबाईनं संचिताला ठाण्याच्या कोळीवाड्यात, आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. "बाय, तुजी पोर माज्या घरी हाय. कालजी करू नको," एवढंच ती म्हणाली होती. पोरीचा जीव रमावा म्हणून मंदाकिनीबाई जोडलेले रनर तिच्या टोपलीतून पाठवायच्या आणि टाके घालून झालेले परत यायचे. पहिल्या रनरवरचे टाके वेडेवाकडे होते, हात अजून धरत नसणार. या खेपेचे एका रेषेत होते. पत्र नको, फोन नको, टाके बघितले की सगळं कळायचं.

आलेलं कापड त्या उन्हात टाकायच्या. आज राहिलं. ज्या घरात कधी बोंबीलही शिजला नाही, त्या घरातलं त्यांचं नाक आता त्या वासाला सरावलं होतं.

"मासळी," सूरज म्हणाला. "म्हणजे आवडाबाई." आणि तो हसला. "ठाण्यात राहते ना ती? कोळीवाडा केवढासा असतो!"

"सूरज, मी पाया पडते तुझ्या."

"पड की. मी तोवर जाऊन येतो."

तो दाराशी गेला आणि चपलांसाठी खाली वाकला. मशीनवर कापडाची मोठी कात्री होती. मंदाकिनीबाईंनी ती उचलली, चार पावलं गेल्या आणि चार बोटं पातं त्याच्या पोटरीत खुपसलं. खेचून काढलं, परत खुपसलं.

"आई गं!"

लागलं की कुणीही हेच ओरडतं. तरी त्यांच्या हातातून कात्री गळून पडली.

तो आडवा झाला होता, शिव्या देत होता, पण उभं राहणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. त्यांनी आतून कडी घातली, एकशे बाराला फोन लावला आणि पत्ता नीट, खुणेसकट सांगितला. मग कंदिलांचा रनर त्याच्या पोटरीभोवती घट्ट आवळला आणि त्याच्या लाथा खात दोन्ही हातांनी दाबून धरला. आतला थर रक्त चांगलं शोषून घेत होता.

पोलिसांनी दार वाजवलं तेव्हाही त्या तशाच बसलेल्या होत्या; उठून कडी काढली आणि परत रनर दाबून धरला. सूरजला स्ट्रेचरवर घेतलं. हवालदार बाईनं उपसलेलं कपाट बघितलं, सुजलेला गाल बघितला, रक्ताळलेली चिंधी बघितली.

"पोरीला मारायचा?"

"हात मोडला तिचा. आज मारायलाच निघाला होता."

"पोरीसाठी बाई काय काय करते," हवालदार बाई हळू आवाजात म्हणाली. "पण खरं सांगू, मावशी? जावयाला अशी कात्री घालणारी सासू मी पहिल्यांदाच बघतेय."

मंदाकिनीबाईंनी स्ट्रेचरवरून लोंबणारं रनरचं टोक उचलून त्याच्या पायावर नीट ठेवलं.

"सासू मी तिची," त्या म्हणाल्या. "ह्याची आई."