खिळ्यांची बंदूक

आमच्या जावयाला दम म्हणून कसा तो ठाऊक नाही. नव्या घराचा लाकडी सांगाडा ठोकायला हवेवर चालणारी खिळ्यांची बंदूक घ्यायची होती. दुकानदार बिचारा समजावत होता, "साहेब, हिला दर खिळ्यामागे चाप दाबावा लागतो. त्या दुसरीचा चाप दाबून ठेवला, की जिथे टेकेल तिथे खिळा घुसतो. घरात माणसं वावरत असतील तर पहिलीच घ्या."

"मला भराभर काम लागतं," म्हणत जावयानं वरच्या फळीवरची दुसरी काढायला झपकन हात उचलला.

शेजारी उभ्या माझ्या लेकीनं सवयीनं अंग चोरून दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.



"जावईबापू, घर खुशाल बांधा. माझी लेक त्यात राहायला येणार नाही."