मास्तरांच्या टाळ्या

आजारी मास्तरांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीचा माहितीपट स्टुडिओत पहिल्यांदाच दाखवत होते. मास्तर मैफलीनंतर महिन्याभरात गेले. आता त्यांची बायको साउंडवाल्याशेजारी बसली होती. "ऐका हं," तिने त्याला कोपराने ढोसलं, "बासरी संपायच्या आत मास्तर टाळ्या पिटणार. तालाशी जन्मभर छत्तीसचा आकडा! फोटो ढीगभर आहेत, त्यांचा आवाज तेवढाच उरलाय." आठवडाभर खपून साउंडवाल्याने त्याच टाळ्या खड्यासारख्या वेचून काढल्या होत्या. मूळ ध्वनिमुद्रणही पुसलं होतं. बासरी स्वच्छ वाजली, स्वच्छ संपली. "काय साफ आवाज!" मागून दिग्दर्शक म्हणाला. ती पडद्याकडे बघतच राहिली. "माझेच कान गेले वाटतं. तुम्हाला आल्या का हो ऐकू?" "आल्या की, काकू," तो पुटपुटला. तिचा चेहरा उजळला. "मग परत लावा ना. आता डोळे मिटून ऐकते."